जाऊबाईंनी अस्वलांची खानावळ बंद केली

माझ्या थोरल्या जाऊबाई दारात उभ्या राहिल्या की दार भरून जातं. आवाजही तसाच भरदार. जंगलाच्या कडेला आमचं लॉज आहे. लाकडी खोल्यांची एक रांग, पुढे लांब ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे थेट झाडी. माणसं इथे सुट्टी काढून येतात ती रानातली अस्वलं बघायला. धंदा दोघा भावांचा. थोरले दीर सुतारकाम आणि दुरुस्त्या बघतात, आणि बोलतात अगदी मोजकं. आमचे हे पाहुण्यांना जंगलात नेतात आणि थोरल्या भावाच्या वाट्याचंही बोलून घेतात. खोल्या मी सांभाळते. स्वयंपाकघर मात्र जाऊबाईंचं. तिथे कुणी पाणी प्यायला शिरलं तरी त्याच्या हातात सोलायला काहीतरी ठेवलं जातं.

अस्वल काही बोलावलं की येणारं जनावर नाही. सुरुवातीला पाहुणे यायचे, जंगलात ताटकळायचे, डास मारायचे आणि तोंडं वाकडी करून परत जायचे. मग ह्यांनी शक्कल लढवली. लॉजच्या मागे, हाकेच्या अंतरावर, दिरांनी एक लाकडी खोली उभारली. तिला आम्ही लपण म्हणतो. आत बाकं, समोर डोळ्याच्या उंचीवर आडवी फट, एवढंच. लपणासमोरच्या मोकळ्या जागेत रोज दुपारनंतर स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं नेऊन टाकायचं. अस्वलांना वास लागला आणि ती येऊ लागली. पाहुणे खूश, हे त्याहून खूश. जाऊबाई तर मुद्दाम चार माणसांचं जास्त शिजवायच्या. म्हणायच्या, "पाहुणे पाहुणेच, दोन पायांचे काय नि चार पायांचे काय."

त्यांतली एक मादी सगळ्यांची लाडकी झाली. तिचा एक कान अर्धा फाटलेला होता, म्हणून ती कानतुटी. ती पुढचे पाय पसरून अशी ऐसपैस बसायची, जणू पंगतीत पहिलं पान तिचंच.

एका दुपारी जाऊबाई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. पाठीमागे काहीतरी खसपसलं. त्यांना वाटलं मी आहे. न बघताच त्या म्हणाल्या, "ती परात घे गं जरा." उत्तर आलं नाही म्हणून वळल्या, तर ओट्याशी कानतुटी. भिजवलेल्या कणकेत तिचं तोंड.

जाऊबाई ओरडल्या नाहीत, पळाल्याही नाहीत. हळूहळू मागे सरकत कोठीच्या खोलीकडे निघाल्या, आणि जाता जाता तिच्याशी बोलत राहिल्या. मी ओसरीवरून आवाज ऐकला. रुसलेल्या लेकीला समजवावं तसा सूर होता. "खा बाई, खा. सावकाश खा. मी काही म्हणत नाही हं." कोठीत शिरून त्यांनी आतून कडी लावली. कानतुटीनं कणीक संपवली, फळांची पाटी पालथी केली आणि आली तशी निघून गेली.

संध्याकाळी ओसरीवर हशा पिकला होता. पाहुण्यांना हा किस्सा म्हणजे सुट्टीचं सोनं झालं. हे तर तो तिखटमीठ लावून पुन्हा पुन्हा सांगत होते. जाऊबाई वाढत होत्या, पण हसत नव्हत्या. पाहुणे उठल्यावर त्या घरच्यांपुढे येऊन बसल्या.

"उद्यापासून मागे एक घास टाकायचा नाही."

"घाबरलात का वहिनी?" ह्यांनी विचारलं.

"मी घाबरले, त्याचं काही नाही भाऊजी. ती घाबरली नाही. मी समोर असून तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आज माझ्या स्वयंपाकघरात आली, उद्या वस्तीवर कुणाच्या घरात शिरेल. तिथे पाळण्यात मूल असेल. मग लोक तिला गोळी घालतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही."

"पण अस्वलं दिसली नाहीत तर इथे येईल कोण?"

"ते तुम्ही बघा. लहानपणी अख्खं रान पायाखाली घातलंय असं सांगता ना? आता परातीमागून अस्वल दाखवता."

बोलणं वर्मी लागलं. ह्यांनी ताट सरकवलं. सगळ्यांनी दिरांकडे पाहिलं. दीर उठले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी असलेल्या उष्ट्याच्या पिंपाला जाड लोखंडी झाकण आणि अडसर बसवून मोकळे झाले. आमच्या घरात निर्णय असाच होतो.

पण कानतुटीला कोण सांगणार? ती रोज ठरल्या वेळेला येऊन बसायची. पिंपावर पंजे मारायची, झाकण हुंगायची, दाराकडे बघायची. जाऊबाई पातेल्यांची दोन मोठी झाकणं घेऊन ओसरीच्या टोकाला उभ्या राहायच्या आणि ती दिसली की झणाझणा बडवायच्या. ती दचकायची, चार पावलं मागे जायची, पुन्हा यायची. पाहुणे नाराज व्हायचे. एक गृहस्थ तर म्हणाले, "मुकं जनावर विश्वासानं येतं, आणि तुम्ही त्याला हाकलता?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "राग येऊ दे तिला माझा. राग धरून जगली तरी चालेल."

रोज तिला हाकलायच्या आणि आत येऊन चुलीशी पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. आपण काही विचारायचं नाही, हे मला कळायचं.

एके दिवशी कानतुटी आली नाही. मग आलीच नाही. जाऊबाई बाजारात गेल्या की वस्तीवरच्या लोकांना सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "तिकडे काही अस्वलबिस्वल आलं होतं का हो?" कुणी काही सांगितलं नाही. बरं की वाईट, कळायला मार्ग नव्हता.

धंदा बसला. खोल्या रिकाम्या पडल्या, मदतीला येणारी बाई बंद केली, आणि चादरी मी नि जाऊबाई मिळून पिळू लागलो. आलेल्या पाहुण्यांना त्या पहिल्याच जेवणाला सांगून टाकायच्या, "अस्वल दिसेलच असं नाही. पण दिसलं तर ते आपल्या कामात असेल, आपल्या ताटाकडे बघत नसेल." काही पाहुणे दुसऱ्या दिवशी सामान बांधायचे. काही थांबायचे.

हे मात्र बदलले. आधी धुसफुसत, मग नादावून, रोज पहाटे रानात जाऊ लागले. कुठे दगड उलटलेत, कुठल्या खोडावर नखं आहेत, हे सगळं ह्यांना आधीपासून कळत होतं, फक्त आळसाखाली दबलं होतं. नदीच्या वळणावर, समोरच्या उतारावरच्या झुडपांना रानफळं धरतात तिथे, अस्वलांचा राबता असल्याचं ह्यांनी शोधलं. दोघा भावांनी जुनं लपण फळी फळी उकलून खांद्यावरून तिकडे नेलं आणि अलीकडच्या काठावर पुन्हा उभं केलं.

पुढच्या हंगामात फळं पिकायला लागली, तेव्हा हे जाऊबाईंना म्हणाले, "तुम्हीच करायला लावलंत हे सगळं. आज तुम्ही बसा लपणात." तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं की लॉज सुरू झाल्यापासून जाऊबाई लपणात कधी बसल्याच नव्हत्या. अस्वलांची वेळ तीच रांधायची वेळ. त्या नाही नाही म्हणत होत्या. मी त्यांना पदर धरून नेलं. बरोबर एक वयस्क जोडपं होतं, निवृत्त नर्सबाई आणि त्यांचे यजमान.

बराच वेळ नुसती नदी. जाऊबाईंना गप्प बसायची सवय नाही. त्या ओठ मिटून, हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. उन्हं कलली तशी समोरची झुडपं हलली. एक अस्वल उतरलं, पाठोपाठ दोन पिल्लं, काळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी. आई पाण्याशी आली, एक दगड सहज उलटला, खालचं काहीतरी चाटलं आणि मान वळवली. कान अर्धा फाटलेला.

जाऊबाईंनी माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. कानतुटीनं नाक वर करून हवा हुंगली. वारा आमच्याकडून तिकडे फिरला असावा. ती क्षणभर ताठ उभी राहिली, तोंडातून हुं करून आवाज काढला, आणि पिल्लांना पुढे घालून उतार चढून झाडीत नाहीशी झाली.

"पळाली," नर्सबाई हळूच म्हणाल्या. त्यांना हळहळ वाटली असावी.

"पळाली," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. तोंड मात्र हसत होतं. "माणसाच्या वासाला पळाली. पिल्लांनाही शिकवलं बघा तिनं."

आता पाहुणे त्या वळणासाठी येतात. पूर्वीइतके नाहीत, पण येतात ते पुन्हा येतात. कधी अस्वल दिसतं, कधी नुसती नदी. कानतुटी दिसली त्या दिवशी परतायला उशीर झाला आणि जाऊबाईंचं अर्धं लक्ष नदीवरच होतं, त्यामुळे भाजी खालून चांगलीच करपली. नर्सबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी ती दोनदा मागून घेतली. दीर जेवता जेवता मान वर करून बायकोकडे बघत म्हणाले, "छान झालंय." करपलेल्या भाजीबद्दल ते बोलत नव्हते, हे जाऊबाईंना बरोबर कळलं. त्या लाजून पाणी आणायला उठल्या.