सोळावा दिवस

माझ्या सासूबाई, गोपिकाबाई, खापरखेड्याच्या कॉलनीत वीस वर्षं विम्याच्या पॉलिश्या विकत होत्या. बाई मोठी कडक. सहीच्या आधी एकूण एक अट वाचून दाखवणार, मधात कोणी मोबाईल पाहिला तर पुन्हा पहिल्यापासून. मले तर लग्नाच्या आठव्याच दिवशी ऐकवल्या होत्या.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान. चूक झाली ते गणपतरावच्या पॉलिसीत. ते पॉवर स्टेशनात कामाले. पॉलिसीचं दुसरंच वर्ष, हप्ता महिन्याचा, तारीख पडली गणपती विसर्जनाच्या दिवशी. गडबडीत राहून गेलं, अन् मग लागला पितृपक्ष. पक्षात जिवाच्या विम्याले पैसे लावाले आमच्याकडे कोणी धजत नाही. गणपतराव आमच्या घराच्या गेटवरून म्हणाले, "ताई, घटस्थापनेले भरलं तर चालते ना?"

"चालते," आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. तारखेनंतर हप्ता भराले सूट पंधरा दिवसांची, पक्षही पंधरा दिवसांचा. मधातली पौर्णिमा अन् खुद्द घटस्थापनेचा दिवस त्या मोजाले विसरल्या.

सर्वपित्रीच्या दुपारी गणपतराव ड्युटीवर कोसळले अन् जागीच गेले. तो सोळावा दिवस होता. पॉलिसी आदल्या रात्रीच बंद पडली होती. त्यांच्या बायकोले, जयवंताले, एक रुपया भेटला नाही. आईनं तिले नियम समजावला, पण आपण "चालते" म्हटलं होतं, हे गिळून टाकलं. जयवंता मग मेसमध्ये पोळ्या लाटू लागली.

पुढच्या सर्वपित्रीले भर दुपारी आई जेवता जेवता उठल्या. म्हणे, गेटवर गणपतराव विचारून राहिले. मी वैतागली. "काहून काहीच्या काही बोलता?"

तिसऱ्या वर्षी मीच गेटजवळ कपडे वाळू घालत होती. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही. अन् कानाजवळ सावकाश आवाज आला, "ताई, घटस्थापनेले भरलं तर चालते ना?" बादली तिथंच टाकून मी घरात पळाली. असं भेव मले जन्मात वाटलं नव्हतं.

औंदा सर्वपित्रीच्या दुपारी मी आईले हात धरून जयवंताकडे नेलं. आईनं सगळं कबूल केलं, रडल्या. जयवंता पितराच्या पानावर खीर वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"मले माहीत हाये, ताई," ती म्हणाली. "दरसाली तुमच्या गेटवरून ते इकडंच येतात. मी विचारते, हप्ता भरला काय? म्हणतात, कायची काळजी करतं वं, ताई चालते म्हणाल्या."

तिनं आमच्यासाठी दोन पाट सरकवले.

"बसा. येतच असतील."