एक पाय लांब होईल एवढी जागा

कुस्तीत माझ्या गुडघ्याच्या आतला, हाडं बांधून ठेवणारा बंध तुटला. त्या वेळी नंदुरबारच्या दवाखान्यात लढाईवरून परतलेले एक डॉक्टर आले होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गुडघ्याला हात लावण्याआधी ते तळवे चोळून ऊन करायचे.

मुठीवर मूठ ठेवून त्यांनी दोन हाडं दाखवली. म्हणाले, तुटलेल्या बंधाच्या जागी मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी कापून ओवली, तर गुडघा घट्ट बसतो, पण कमी वाकतो. गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी घेतली, तर वाकतो बरा, पण जरा सैल राहतो.

मायने एवढंच विचारलं, "मन्हा पोऱ्याले मांडी घालीसन जेवाले बसता यी का?"

 डॉक्टर खुर्ची सोडून तिच्याशेजारी फरशीवर बसले. त्यांचा उजवा पाय मात्र सरळच राहिला.

"माझ्या ऑपरेशनच्या वेळी हे कोणी विचारलं नव्हतं, माय," ते म्हणाले. "याचा वाकेल असाच करू."

मायने माझ्या घोंगडीची घडी करून त्यांच्या पायाखाली सारली.

माझा गुडघा अजून कधीकधी लचकतो. पण मी मांडी घालून जेवतो, आणि पंगतीत शेजारी एक पाय लांब होईल एवढी जागा सोडतो.