छोटा हुकूम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी माझं खरं वजनसुद्धा सांगितलंय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या सोसायटीत राहत नाही.

लालबागहून मीरा रोडला आले तेव्हा माझी एकच तक्रार होती — इथे ब्रिज खेळणारं कुणी नाही. बँकेच्या क्लबात मी बरी खेळायचे. बरी म्हणजे — आता खोटं कशाला — किती हात करणार याची बोली झोकात लावायचे आणि ती पुरी करताना घाई करायचे. मग शेजारच्या शुक्लाभाभींना मीच शिकवलं. बघता बघता त्या माझ्यापेक्षा चांगलं खेळायला लागल्या. मला आनंद झाला का? ते राहू द्या.

त्यांना मी मंत्र दिला होता, "भाभी, पहले ट्रम्प गिनो, बाद में होशियारी." ट्रम्प म्हणजे त्या डावापुरतं ज्या रंगाचं राज्य असतं तो, त्यातली दुर्रीसुद्धा दुसऱ्या रंगाचा एक्का कापते. मराठीत आपण त्याला हुकूम म्हणतो. पण भाभींच्या हिंदीत हुकुम म्हणजे नुसतं इस्पिक. आमच्या टेबलावर हिंदीच चालायची, त्यामुळे मीही केव्हापासून इस्पिकलाच हुकूम म्हणत होते. हे लक्षात ठेवा — माझा सगळा गुन्हा या एका शब्दावर उभा आहे.

तर, घोडबंदरला सोसायट्यांची स्पर्धा होती. आम्ही चौघी खेळणाऱ्या — मी, भाभी, नयनाबेन आणि त्यांच्या जाऊबाई. त्यातल्या दोघी जाणार. निवड करायला सेक्रेटरी स्वतः क्लबहाउसात बसलेले. भाभींना जायचंच होतं. त्यांच्या सासूबाईंच्या मते पत्ते म्हणजे जुगार. "टीम में नाम आया ना दीदी, तो मम्मीजी भी मान जाएँगी," असं त्या जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर म्हणायच्या.

शेवटच्या डावात मी चार बदामांची बोली लावली होती. म्हणजे राज्य बदामाचं. अशा वेळी जोडीदाराची, म्हणजे भाभींची, पानं टेबलावर उघडी असतात आणि मी सांगेन ते पान तिने टाकायचं. नयनाबेन आणि जाऊबाईंकडचे बदाम संपले, असं मी धरून चालले. मोजले होते का? मी सेक्रेटरी आपल्याकडे बघतायत का ते मोजत होते.

"छोटा हुकूम, भाभी."

भाभींनी इस्पिकची चौकी टाकली. मी त्यावर माझा एक्का ठेवला — ठेवला कसला, आपटला. आणि नयनाबेननी पदराला लावलेली पिन काढावी तसा हळूच एक बदाम काढला आणि माझा एक्का कापला.

"एक तो बाकी था ना, बेन," त्या म्हणाल्या. जणू चूक त्यांचीच.

बोली बुडाली. आणि मग माझं तोंड उघडलं — मी उघडलं, तोंडाला काय दोष द्यायचा?

"अहो भाभी, हुकूम मतलब ट्रम्प. मैंने बदाम माँगा था."

"पर दीदी, हम लोग तो हुकुम..."

"इतने साल महाराष्ट्र में हो, भाभी."

हे वाक्य मी बोलले. भाभींचा चेहरा पडला. सेक्रेटरींनी मान डोलावली, "भाषेचा प्रॉब्लेम आहे," आणि माझं व नयनाबेनचं नाव जाहीर केलं.

मी बदाम मागितला असता आणि समोर काळं पान पडलं असतं, तर मी गप्प बसले असते? त्यावर एक्का आपटला असता? कुणालाच हे सुचलं नाही. नयनाबेननी तेवढं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खाकऱ्याचा डबा पुढे केला.

स्पर्धेत आम्ही शेवटून पहिल्या आलो. वाटेत खायला भाभींनी मठरी दिली होती, वर "सॉरी दीदी" म्हणून. मी ती सगळी खाल्ली. छान झाली होती. आणि भाभींच्या सासूबाई अजूनही म्हणतात, "देखा? जुए में हार गई न?"

त्यानंतर भाभी मराठी शिकल्या. आता मी डावात पान मागितलं की त्या पानावर बोट ठेवून थांबतात, "ताई, नक्की हेच ना?" सगळे हसतात. मीही हसते.

परवा झाशीची एक नवी सून टेबलावर आली. मी पत्ते पिसत होते. भाभी तिला समजावत होत्या, "यहाँ हुकुम बोले तो ट्रम्प, समझी? इसी में मेरी गलती से दीदी का गेम गया था."

मी पिसत राहिले.

"कितना पिसोगे, बेन?" नयनाबेन म्हणाल्या. "अब बाँटो."

मी पत्ते वाटले.