टाळ्यांनी झालेला सभासद

नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बेस्ट नावाच्या गावात राहायचे, मोठ्या कंपनीत इंजिनीअर होते. त्यांना निवडून आणलं ते त्यांच्याच गाडीतून ऑफिसला जाणाऱ्या चौघांनी. पुढे तेच चौघे समितीवर आले. पण एकदा खुर्चीत बसल्यावर अध्यक्षांना समितीच्या बैठका सोसेनात. त्यांची बैठक पंगतीत व्हायची. मसालेभात वाढून झाला की माईक हातात घ्यायचे आणि विचारायचे, यंदा गणपती पाच दिवस बसवायचा ना? माणसं घास तोंडात असतानाच डावा हात वर करायची. झाला ठराव मंजूर. समितीला तो कळायचा तो मला स्वयंपाकघरात कळायचा तेव्हाच. मग सोमवारपासून ते चौघे हॉल शोधत फिरायचे.

मी आठवीतून शाळा सोडलेला. एका हॉटेलात आचारी म्हणून इकडे आलो, इथे राहायचं परमिट त्या हॉटेलच्याच जिवावर. त्यामुळे साधं सरकारी पत्र आलं तरी दोघादोघांकडून वाचून घ्यायचो. आठवडाभर तळघरातल्या किचनमध्ये हिंदी बोलायचं, सुट्टीच्या रविवारी मंडळाचा स्वयंपाक. तुम्ही जेवलात का, असं मराठीत विचारणारं कुणीतरी तिथेच भेटायचं. सभासद व्हायला मात्र एकाने समितीपुढे सुचवावं आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यावं लागे. मला कोण सुचवणार? एका पंगतीत अध्यक्षांनी मला झाऱ्यासकट बाहेर ओढलं, खांद्यावर हात टाकला आणि जाहीर केलं, हा आजपासून आपला सभासद. टाळ्या पडल्या. घरी फोन करून सांगितलं तेव्हा आईने विचारलं, पगार वाढला का? मी म्हटलं, नाही, पण माणसांत घेतलं.

वार्षिक सभा युट्रेख्टला भरली. चौघांपैकी एक ताई सेक्रेटरी होत्या. त्यांनी ठराव मांडला की पंगतीत झालेले सगळे निर्णय रद्द समजावेत आणि रीतसर समितीपुढे यावेत. सगळे म्हणजे माझं सभासदत्वही. मी शेवटच्या रांगेत होतो.

अध्यक्ष उठले ते समितीकडे पाठ करून. माझ्याच माणसांनी मला बांधून ठेवायचं का, तुम्हीच सांगा, असं त्यांनी सभेला विचारलं. मागून एक काका म्हणाले, "आधी वाढा तरी, मग हात वर करतो." सगळे हसले. अध्यक्षही हसले, पण चेहरा उतरला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ऊठ. सांग यांना. तुला काढायला निघालेत."

मी उठलो. त्यांचे उपकार होते, आणि ताईंचं मला चुकीचंही वाटत नव्हतं. म्हणालो, "मला काढलं तरी स्वयंपाक मी करीन. माझ्यावरून भांडू नका."

"तुमच्यावरून नाहीच हो," ताई म्हणाल्या. "हे आम्हाला विचारत नाहीत, तेवढंच दुखणं आहे."

ठराव मंजूर झाला. आता मी सभासद नव्हतो, म्हणजे सभेत बसता येत नव्हतं. जॅकेट उचलून बाहेर आलो. निघून जावं असं वाटलं, पण पाय निघेना. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

ताई पुन्हा उभ्या राहिल्या, काही बोलल्या, दाराकडे हात केला. मला सुचवत होत्या. आता अनुमोदन हवं होतं. बाकीचे तिघे सवयीने अध्यक्षांच्या तोंडाकडे बघायला लागले. अध्यक्ष हाताची घडी घालून बसलेले. ताई उभ्याच होत्या. शेवटी अध्यक्षांनी घडी सोडली आणि बसल्या जागेवरून हात वर केला. सभेकडे न बघता, ताईंकडे बघून. मग बाकीचे हात वर गेले आणि या वेळी ताईंनी ते एकेक करून मोजले.

दार उघडून ताई म्हणाल्या, या आत. अध्यक्षांनी शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.

"तुझ्यापायी मला समितीपुढे हात वर करावा लागला," ते हळूच म्हणाले.

रागावलेत का, ते मला कळलं नाही. खुर्ची मात्र त्यांनी मी बसेपर्यंत धरून ठेवली.