कावआबांचा मोर

"आबांनू, आधी खाली उतरा! कालच दिलेलो रंग तो!" देवळाच्या कमिटीच्या अध्यक्षांचा आवाज वेंगुर्ल्याच्या बंदरापर्यंत गेला असेल. शिडीवरचे आबा मात्र करवंटीने भिंत खरवडत राहिले. वय ऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

सगळा गाव त्यांना कावआबा म्हणे. काव म्हणजे आमच्याकडची तांबूस-तपकिरी माती. चाळायची, भिजवायची, वाटायची आणि चुन्याच्या ताज्या गिलाव्यावर फासायची. ओली असतानाच खिळ्याने रेघ ओढली की आतला पांढरा चुना दिसतो. आबांच्या वडिलांनी अशाच रेघांनी देवळाच्या भिंतीवर मोर काढला होता. आबाही जन्मभर कावेत हात घालून कोपरापर्यंत त्याच रंगाचे झालेले. ते नदीत उतरले की खालच्या वाडीतली पांढरी धोतरं तांबूस होऊन घरी परतत. त्यांना चावलेला डाससुद्धा रंग बदलून उडे. दोन मी स्वतः पाहिलेत, तिसऱ्याबद्दल शपथ घेणार नाही.

या रंगाला दुसरं नाव दिलेलं त्यांना खपत नसे. "विटकरी विटेचो, तांबूस तांब्याचो," ते म्हणत, "ह्यो मातयेचो. मातयेचा नाव घेवा." एकदा कुडाळहून आलेल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, हा शब्द मूळचा कानडी. आम्हाला वाटलं, प्राध्यापकही आता तांबूस होऊनच परत जाणार! आबा म्हणाले, "शब्द घाट उतरान इलो आसात. माती खंय गेली नाय."

आणि अशा माणसाच्या गावात, जत्रा तोंडावर आली म्हणून अध्यक्षांनी तपकिरी ऑईलपेंटचे डबे आणले. आबा लेकीकडे शिरोड्याला गेलेले. तेवढ्यात मोरासकट भिंत रंगवून झाली. आबा परतले, भिंतीचा वास घेतला, म्हणाले, "तपकीर नाकात ओढूची, देवाच्या भिंतीक फासूची नाय." आणि शिडी लावली.

रेघा रंगाखाली बुजल्या होत्या, पण बोटांना लागत होत्या. बोटाने वडिलांची रेघ शोधायची, करवंटीने रंग काढायचा, खिळ्याने रेघ मोकळी करायची. अध्यक्षांनी पोलिसांचं नाव काढलं. "येवंदेत," आबा वरून म्हणाले, "शिडी धरूक माणूस होयोच आसा." तीन दिवसांत तुरा निघाला, मान निघाली, पिसारा निघाला. पिसारा तर माझ्या मते पूर्वीपेक्षा चार पिसं जास्तच घेऊन निघाला.

आज आबा नाहीत, मोर आहे.

तर, मोर निघाला त्याच तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कमिटी बसली. अध्यक्षांनी घसा साफ केला, ठेवणीतली मराठी काढली आणि विचारलं, "देवस्थानच्या रंगाला कोणाच्या परवानगीने हात लावलात?"

आबांनी पंच्याला हात पुसले.

"वरलो रंग तुमचो, भितरलो मोर माज्या बापाशीचो. माजो मी काडून घेतलो. तुमचो थंय खाली झाडून ठेवलेलो आसा, घेवन जावा."