साहेबांच्या मागचा समुद्र

जनसुनावणीत साहेबांच्या खुर्चीमागे एक चित्र टांगलं होतं, लाकडावर कोरून छापलेलं. काळाभोर समुद्र, एक होडी आणि जाळं ओढणारी सहा माणसं. शेजारीच नव्या बंदराचा नकाशा होता. त्यात आमची खाडी नुसती निळी, रिकामी. "या पट्ट्यात मासेमारी होत नाही," साहेबांनी अहवाल वाचला. आता सही झाली की खाडीचं तोंड बंद.

ते चित्र करणारे मास्तर माझ्या शेजारीच बसले होते. मी म्हटलं, "एवढा समुद्र कोरायला किती दिवस लागले, मास्तर?"

"समुद्र कोरलाच नाही रे. लाकडाला हात नाही लावला की ते काळंच उमटतं. कोरली ती फक्त माणसं."

मी नकाशाकडे बघत राहिलो. माणूस दिसायला हवा असेल तर कुणाला तरी पटाशी घेऊन बसावं लागतं. त्याला पुसायला काहीच करावं लागत नाही, हात बांधून बसलं की झालं. यांना कोळी आवडतो, पण चौकटीत. आम्ही बंदराविरुद्ध पत्रकं वाटली की तो गोंधळ!

तेवढ्यात मासळीची टोपली पायाशी ठेवून बसलेली हिराबाई उठली.

"सायेब, जरा मागं वलून बगा. सुकानावर हाय तो माजा घरवाला."

साहेब वळले नाहीत. "बाई, ते नुसतं चित्र आहे."

"मंग त्यो नकाशा काय हाय?"

सहीसाठी उघडलेलं पेन साहेबांच्या हातात तसंच राहिलं.