कॅनबेराचा जुलै

हे सगळं जसं घडलं तसंच मला आठवतंय का, याची खात्री देत नाही. आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाकडे किस्से साचतच जातात. एक निरोप समारंभात सांगायचा, दुसरा लग्नाच्या पंगतीत, आणि दर वेळी फोडणी थोडी बदलते. बाकीच्या किश्श्यांत माझी आठवण चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही. नसीमच्या बाबतीत बिघडतं. या मुलीवर अन्याय होत असताना मी तिच्या बाजूनं उभा राहिलो होतो की नाही, एवढं तरी मला नक्की माहीत असायला हवं. म्हणून ओळीनं लिहून काढतो.

*

आमच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकल क्रमांक सात होतं: दिल्ली आणि कॅनबेरा या दोन राजधान्यांच्या हवामानाची तुलना. एक उत्तर गोलार्धातली, दुसरी दक्षिण. तापमानाची रेघ काढायची, पावसाचे खांब उभे करायचे, खाली चार ओळी लिहायच्या. आकडे छापील तक्त्यात दिलेले. पण तक्ता उघडतो कोण!

प्रयोगशाळेत एक काचेचं टेबल होतं, काचेखाली बल्ब. जुन्या बॅचचं जर्नल खाली, कोरा कागद वर. पोरं रांगेत उभी राहून दोन्ही गोलार्धांचं हवामान गिरवून नेत. आमचे लॅब अटेंडंट रऊफभाई शेजारी उभे राहून हाकारत, "चला चला, काच लई तापली! दिल्ली झाली असंल तर कॅनबेरा टाका लवकर!"

एका पठ्ठ्यानं लाल पेनची बरोबरची खूण आणि माझी सहीसुद्धा गिरवून आणली.

"हे काय रे?" मी विचारलं.

"सर, ओरिजिनलमधी होतं!"

सही माझ्या सहीपेक्षा चांगली आली होती.

*

या गिरवागिरवीत कॅनबेराच्या जुलैवर एक भलामोठा खांब उभा राहिला होता. खरं तर तिथं पाऊस बारा महिने थोडा थोडा. जुलै म्हणजे ऐन हिवाळा. मी रऊफभाईंना विचारलं, "हा खांब आला कुठून?"

"सर, पयल्या जर्नलवर शाईचा ठिपका पडला व्हता. दुसऱ्या पोरानं पट्टी लावून नीट केला."

पुढच्या प्रत्येक बॅचनं तो इमानेइतबारे उचलला. डाग पुसायचं कुणाला सुचलं नाही. पट्टी लावायचं सुचलं! आमच्या विभागाची बुद्धी तेवढीच.

*

मी घरी तीन ॲटलास उघडले. तिन्ही एकच सांगत होते. माझी पीएच.डी. मराठवाड्याच्या पावसावर, तरी मला वाटलं, या तिघांनीही एकमेकांचं गिरवलेलं असलं तर?

शेवटी धीर करून एक ॲटलास विभागप्रमुख गायके सरांपुढे ठेवला. त्यांनी तो उघडलाही नाही.

"डॉक्टर, आपला मान्सून कुठून येतो?"

"विषुववृत्ताच्या पलीकडून, सर."

"मग! तिकडूनच निघतो ना? निघताना थोडा तिथं सांडणारच!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी हे वर्गाला डिक्टेट केलं. शीर्षकासकट. मागच्या बाकावर बसून मीही नोट्स घेतल्या, हे सांगायला लाज वाटते.

*

पुढे दौलताबादचा एक माजी विद्यार्थी सुट्टीवर आला. नोकरीला थेट कॅनबेरात! मला वाटलं, आता निकाल लागतो. मी त्याला विभागात नेलं आणि गायके सरांसमोर विचारलं, "तुमच्याकडे जुलैत पाऊस कसा असतो?"

"काही विशेष नाही, सर. थंडी मात्र विचारू नका. सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून निघावं लागतं."

गायके सर शांतपणे म्हणाले, "किती वर्षं झाली तिथं?"

"अकरा."

"अकरा वर्षांत हवा कळते, बाळ. हवामान कळायला तीस लागतात."

पुस्तकी व्याख्या त्यांची ही एवढीच पाठ होती. नेमकी तिथं कामी आली!

*

मग नसीम आली. लासूर स्टेशनची. रोज सकाळच्या गाडीनं यायची. वडिलांचं मोंढ्यात धान्याचं दुकान. पास झाली की बी.एड., एवढं घरात ठरलेलं. लेखी पेपर तिचे उत्तम जायचे. प्रश्न होता फक्त प्रॅक्टिकलचा. पन्नास मार्क: पंचवीस बाहेरून आलेल्या परीक्षकाचे, पंचवीस इंटर्नलचे, म्हणजे माझे. पास व्हायला दोन्ही मिळून वीस.

तक्ता उघडणारी तेवढीच एक निघाली. तिच्या कॅनबेराचा जुलै बाकीच्या महिन्यांएवढाच बुटका.

एक्स्टर्नलही मूळचा आमच्याच काचेच्या टेबलावर शिकलेला. त्यानं जर्नल उलटसुलट केलं.

"जुलैचा खांब कुठंय?"

"सर, तक्त्यात एवढाच हाय."

"म्हणजे इतक्या बॅचेसचा चुकला आणि तुझा एकटीचा बरोबर?"

"व्हय, सर."

मग ती माझ्याकडे बघायला लागली. एक्स्टर्नल माझ्याकडे बघायला लागला. दारात उभे असलेले गायके सरही माझ्याकडे बघायला लागले.

माझ्या आठवणीप्रमाणे मी म्हणालो, "साहेब, मुलीचं बरोबर आहे."

गायके सर म्हणाले, "डॉक्टर, चहा निवतोय."

मी चहा घेतला. मार्कांची यादी त्याच दुपारी पाकिटात बंद झाली. मी तिला भरपूर दिले असणार.

निकालात एकूण आकडा तेवढा आला: एकोणीस. एका मार्कानं नापास! बी.एड.चा प्रवेश गेला. त्या एक्स्टर्नलला मी पुढे कित्येक वर्षं नावं ठेवली. चार लोकांत, मोठ्या आवाजात.

*

पुढच्या वर्षी नसीम पुन्हा बसली. या खेपेला तीही काचेच्या टेबलापाशी रांगेत उभी. रऊफभाई मान खाली घालून म्हणाले, "बेटी, जुलै इसरू नको."

एक्स्टर्नल तोच. त्यानं खांबावर बोट ठेवलं. "व्वा! याला म्हणतात निरीक्षण!"

नसीम पहिल्या वर्गात आली. पेढे घेऊन माझ्या घरी गारखेड्याला आली, पण आत काही आली नाही. फाटकातच म्हणाली, "पाडला, सर, एकदाचा पाऊस."

पेढ्यांचा पुडा मी न उघडताच शेजारी देऊन टाकला.

*

मी निवृत्त झालो, गायके सर गेले, विभाग नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. एके सकाळी रऊफभाईंचा फोन आला, "सर, रद्दीवाला आलाय. तुमच्या टायमाची मार्कांची रजिस्टरं हायत. बघायची असतील तर लगेच या."

मी रिक्षा करून गेलो. एक्स्टर्नलनं किती दिले होते, ते एकदा लेखी बघायचं होतं. म्हणजे पुढच्या वेळी सांगताना मनात शंका नको.

रजिस्टरं जमिनीवर पसरलेली. रऊफभाईंनी उकिडवं बसून ते वर्ष काढून दिलं. नसीमची ओळ सापडायला वेळ लागला नाही. मी बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

"काय झालं, सर?"

"रऊफभाई, हे अक्षर कुणाचं?"

त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"असं काय इचारता? तुमचंच की. खाली सहीबी हाय."

एक्स्टर्नल: तेरा. इंटर्नल: सहा.